सहावी चित्राहुती

आम्ट्सगेरिष्टच्या, म्हणजे स्थानिक न्यायालयाच्या, तळमजल्यावर, लिफ्टच्या उजवीकडच्या काचेच्या फळ्यात ती सूचना जुलैपासून लावलेली होती. आत्माराम केशव रिसबूड, यंत्र अभियंता, जन्म वाई, १९५१, शेवटचा पत्ता हॅनोव्हर-लिंडन, यांनी ३० सप्टेंबर २००८ पर्यंत खोली क्रमांक ११४ मध्ये येऊन स्वतःविषयी कळवावं. न कळवल्यास त्यांना मृत घोषित करता येईल. त्याखाली आणखी एक वाक्य होतं : बेपत्ता व्यक्तीच्या जिवंत असण्याची किंवा मृत्यूची माहिती ज्यांना असेल, त्यांनी ती याच मुदतीत न्यायालयाला द्यावी.

अर्ज लतानेच केला होता. सूचना लागल्यावर ती एकदा जाऊन बघून आली आणि नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तपासलं. ते बरोबर होतं. शेजारच्या कागदावर एका घराच्या लिलावाची जाहिरात होती.

आज रविवार होता, अठ्ठावीस तारीख. सर्वपित्री अमावास्या सोमवारी होती, पण तिचे दीर सुधीर यांनी श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनहून फोन करून सांगितलं होतं, की जर्मन वेळेनुसार अमावास्या रविवारी दुपारच्या आतच लागते, तेव्हा रविवार चालतो. सोमवारी सगळ्यांना कामं होती, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. सुधीर आणि त्यांची बायको नीलिमा काल संध्याकाळच्या गाडीने आले होते आणि सोमवारी सकाळी दहा एकतीसच्या गाडीने परत जाणार होते.

लता स्वयंपाकघरात मांगोल्डची पानं चिरत होती. अळू मिळत नसल्याने वीस वर्षं या घरात फतफतं मांगोल्डचं होत होतं आणि आता अळूचं कोणाला आवडलं असतं की नाही, शंका होती. नीलिमा वड्यांचं पीठ मळत होती.

"बाल्कनीत पान ठेवायचं ना वडिलांचं?" नीलिमाने विचारलं.

"अर्धा तास. पक्ष्यांना खायला घालायची इमारतीच्या हाउसओर्डनुंगमध्ये बंदी आहे. खालच्या फ्राउ केलरनं मागच्या वर्षी चिठ्ठी टाकली होती."

"त्या कशाला बघतात वर?"

"खाली वडा पडला होता."

नीलिमा दुधाची पिशवी काढायला फ्रिजकडे वळली. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, कोर्टाचं गुरुवारी आलेलं पत्र होतं. नीलिमाने ते वाचलं. कोणी वाचू नये असं लताला वाटत असतं तर तिने ते दारावर लावलं नसतं. तीन दिवस ती स्वतःच येताजाता ते वाचत होती.

"एकतीस डिसेंबर दोन हजार एक? ही कसली तारीख?"

"मृत्यूची. दुसरा काही पुरावा नसेल तर तीच धरतात. शेवटची खबर ज्या वर्षी मिळाली, त्याच्यापुढे पाच वर्षं मोजायची. वर्षाचा शेवटचा दिवस, रात्री बारा वाजता. कायद्यात तसं आहे."

नीलिमाने हिशेब केला. शहाण्णव. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे कागदोपत्री पाच वर्षं ते होते कुठंतरी."

ती हे वाईट हेतूने बोलली नाही. पत्रात होतं तेच बोलली. पण लताने सुरी खाली ठेवली.

बारा वर्षांत तिने किती फॉर्म भरले याची मोजदाद नव्हती. त्यातल्या प्रत्येकावर कुटुंबस्थितीचा रकाना असे : अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा. बेपत्ता असा चौकोन नव्हता. सत्त्याण्णव साली एका अधिकाऱ्याने तिला विचारून, सहानुभूतीने, 'विवाहित, कायम विभक्त' यावर खूण केली आणि मग तीच पुढे सगळीकडे उतरत गेली. विभक्त म्हणजे दोघांपैकी कोणीतरी सोडून गेलेलं असतं. ती तर इथेच होती, त्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर. हा शब्द पुसला जावा, एवढ्यासाठी तिने अर्ज केला होता. आणि आता कोर्ट तो पुसून त्या जागी असं लिहिणार होतं, की तिचा नवरा पाच वर्षं जिवंत होता आणि त्याने एक फोन केला नाही.

"उद्या जाऊन अर्ज मागे घेते," लता म्हणाली.

*

सुधीर बाहेरच्या खोलीत पाट मांडत होता आणि त्याला सगळं ऐकू आलं. तो आत आला.

"मी जूनमध्येच म्हणालो होतो, लता. बारा वर्षं नोव्हेंबरात होतात. त्याआधी शास्त्रही मानत नाही."

"शास्त्र काय करणार आहे, भाऊजी, नोव्हेंबरात?"

"वाईला गुरुजींशी बोललोय. पळसाच्या पानांचा पुतळा करतात. तीनशे साठ पानं. मग त्याला अग्नी."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तो आहे."

"अहो, तीनशे साठ पानं इथं विमानतळावर त्झोल सोडेल का?" नीलिमाने विचारलं.

"वाळवलेली असली तर सोडतात. मी चौकशी केली आहे."

सुधीर बासष्ट वर्षांचा होता. छत्तीस वर्षं जर्मनीत, त्यातली एकतीस एकाच ड्रॉइंग ऑफिसात. ज्या गोष्टीची चौकशी केली नाही, त्याविषयी तो बोलत नसे. धाकट्या भावाची चौकशीही त्याने केली होती. जानेवारी सत्त्याण्णवमध्ये तो स्वखुशीने रजा टाकून मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या त्या शहरात नऊ दिवस राहिला. आत्माराम तिथे गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबणारा प्रेस बसवून द्यायला गेला होता, सहा महिन्यांसाठी. कंपनीचं पत्र तयार होतं : श्री. रिसबूड ११ नोव्हेंबर रोजी स्वतःच्या इच्छेने कामावरून निघून गेले. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने सुधीरला कॉफी दिली, साखर किती ते विचारलं, आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, की या वयात पुरुषांना कधीकधी नवं आयुष्य हवं असतं. मग त्याने आत्मारामची बॅग दिली. आत सात शर्ट होते, हॉटेलच्या लाँड्रीने इस्त्री करून, पुठ्ठ्यावर घडी घातलेले.

सुधीरने परत येऊन अधिकाऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. नवं आयुष्य असेल तर आयुष्य तरी होतं. तो दर वर्षी पितृपक्षात आईवडिलांची पानं मांडायचा आणि आत्मारामचं मांडायचा नाही. जेवायला बसताना मात्र त्याची आहुती घालायचा, कारण ती जिवंतांची होती.

त्या आहुतीचा इतिहास एवढाच. चित्राहुती सगळीकडे पाच असतात. ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि उजव्या हाताला भाताचे पाच इवलेसे घास ठेवायचे. रिसबुडांकडे सहा होत्या. आणीबाणीत वडील एकोणीस महिने तुरुंगात होते आणि सुधीर श्टुटगार्टला. घरात पुरुष म्हणून आत्माराम एकटा, चोवीस वर्षांचा. आईने त्याला सांगितलं, एक जास्त घाल, जो घरी नाही त्याची. आत्मारामने विचारलं, घरी नाहीत असे दोघं आहेत, दोन घालू का? आई म्हणाली, एकच घाल, वाटून घेतील. वडील सुटून आल्यावरही सहावी चालू राहिली. मेणवलीच्या चुलतभावांकडेसुद्धा ती नव्हती. ते हसायचे.

"अर्ज मागे घेऊ नकोस," सुधीर म्हणाला. "मुदत वाढवून मागता येईल."

"म्हणजे आणखी विभक्त."

"शब्द आहे तो, लता."

"तुम्हाला नाही ना लिहावा लागत," लता म्हणाली. तिने दिराला आजवर इतकं तोडून उत्तर दिलं नव्हतं. नीलिमाने पीठ मळणं थांबवलं नाही, पण हात हळू झाला.

*

लताची मुलगी उर्जा अकराला सायकलवरून आली. ती सव्वीस वर्षांची होती, सहाव्या वर्षी आईबाबांबरोबर या घरात आलेली आणि चौदाव्या वर्षी दहा नोव्हेंबरच्या रविवारी फोनवर बाबांशी शेवटचं बोललेली. बोलणं बीजगणिताविषयी झालं होतं. आता ती इथल्याच विद्यापीठात डॉक्टरेट करत होती. विषय : समकालीन मेक्सिकन कादंबरीतला राजकीय अन्याय आणि मृत्यू. हा विषय तिने का घेतला असेल, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं आणि तिला कोणी विचारत नव्हतं. डॉक्टरेटच्या मुलाखतीत विचारलं, तेव्हा तिने स्पॅनिश साहित्यातल्या रसाविषयी चार वाक्यं सांगितली.

तिने बॅग खुंटीला लावली नाही, खांद्यावरच ठेवली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"आई अर्ज मागे घेते आहे," नीलिमा म्हणाली.

"वारुम?"

"पत्र वाच."

उर्जाने पत्र वाचलं. मग ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"आल्झो. मला एक सांगायचं आहे. मी चार महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. मोठे काका, तुम्ही पण बसा."

"मी सोवळ्यात आहे."

"उभ्याने ऐका मग."

तिने बॅगेतून हिरव्या कव्हरचं पुस्तक काढलं. दोनशे चौदा पानं, पाठीवर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लेबल. लताने लेबल ओळखलं. ती त्याच ग्रंथालयात, नवी पुस्तकं नोंदवून तयार करण्याच्या विभागात होती. क्रमांक छापायचा, पाठीवर खालून दोन सेंटिमीटरवर चिकटवायचा, वर पारदर्शक पट्टी. दिवसाला साठ-सत्तर पुस्तकं. हे मार्चमध्ये तिच्या हातून गेलं होतं. स्पॅनिश तिला येत नव्हतं.

"हे मीच लावलंय," ती म्हणाली.

"गेनाऊ. ही कादंबरी आहे. लक्षात ठेवा, कादंबरी. लेखिका तिकडची निवृत्त शिक्षिका आहे. एका कारखान्यात प्रेसखाली दोन बायका मरतात. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे हात आत जात नाहीत. तिथे एक बटण टेपने दाबून ठेवलेलं होतं, काम लवकर व्हावं म्हणून. मशीन बसवायला परदेशातून आलेला इंजिनिअर अबनामेच्या, म्हणजे मशीन ठीक असल्याच्या, कागदावर सही करत नाही. एक पानी रिपोर्ट लिहितो. कामगार काम थांबवतात. त्यांच्यातल्या पाच जणांना उचलतात आणि इंजिनिअरला व्हिसा तपासायला म्हणून नेतात. सगळे एका कोठडीत."

"परदेशातून म्हणजे कुठून?" सुधीरने विचारलं.

"त्याला ते हिंदू म्हणतात. तिकडे भारतातल्या कोणालाही तेच म्हणतात."

गॅसवर खीर होती; लताने आच कमी केली.

"अशा पुष्कळ कादंबऱ्या असतील," सुधीर म्हणाला. "भारतीय इंजिनिअर काय, सगळीकडे असतात."

"मी पण स्वतःला तेच सांगितलं. माझ्या प्रोफेसरबाई तर म्हणाल्या, पात्राला खरा माणूस समजणं ही पहिल्या सेमिस्टरची चूक आहे. मी स्वतः माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय, या कादंबऱ्यांतले मृत हे पुरावा म्हणून वाचू नयेत. पान एकेचाळीस." तिने पुस्तकात पिवळी चिठ्ठी लावलेलं पान उघडलं. "वाचते. मराठी जमेल तसं."

ती अडखळत, मध्ये शब्द बदलत वाचू लागली.

"'इंजिनिअरने नाव सांगितलं होतं, पण आमच्यापैकी कोणालाच ते दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही. जेवण दिवसातून एकदा यायचं. तो आधी ओंजळीतलं पाणी ताटलीभोवती फिरवायचा. मग तोर्तियाचे बारीक तुकडे करून जमिनीवर उजव्या बाजूला ओळीने ठेवायचा. सहा. पहारेकऱ्याला वाटलं, ही खुणेची भाषा आहे. त्याने तुकडे बुटाने उडवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा...'"

"थांब," सुधीर म्हणाला. "किती?"

"सहा."

"पुन्हा वाच. आकडा लिहिलाय की अक्षरी?"

"अक्षरी. 'सेइस'. बघा."

सोवळ्याचं विसरून सुधीरने पुस्तक हातात घेतलं. त्याला स्पॅनिश येत नव्हतं. त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच ठेवून पुस्तक उर्जापुढे धरलं.

"पुढे."

"'आम्ही पाच जण होतो. वाटलं, तो आम्हाला मोजतो आणि सहावा स्वतः. लोरेन्सोने विचारलं. पहिल्या पाचांचं त्याला सांगता आलं नाही. सहाव्यासाठी त्याने खिडकीकडे हात केला. नवव्या दिवशी रस्त्यावर क्रांतिदिनाचं संचलन होतं, शाळेची मुलं ढोल वाजवत होती. दोघे आले आणि म्हणाले, इंजिनिअर, कागद झाले. त्याने ताटली खाली ठेवली आणि शर्ट खोचला. तुकडे जमिनीवर होते. ते आम्ही दोन दिवस उचलले नाहीत.'"

"मग?" लताने विचारलं.

"आई, पुढे..."

"मग काय, ते वाच."

उर्जाने पान उलटलं नाही. तिला ते पाठ होतं. "कालव्यापाशी एक माणूस सापडतो. पायात जर्मन सेफ्टी बूट. पोलीस आधी बूट काढून घेतात आणि मग नोंद करतात. 'अनोळखी पुरुष. पादत्राणं नाहीत.' एवढंच आहे. पुढचं प्रकरण त्या दोन बायकांच्या घरचं आहे."

लताने गॅस बंद केला.

"क्रांतिदिन कधी असतो त्यांचा?"

"वीस नोव्हेंबर."

"अकराला गेले. नऊ दिवस."

"हो."

"मी लेखिकेला मेल केली होती," उर्जा म्हणाली. "तिचं उत्तर आलं. म्हणते, 'व्यक्तिरेखा काल्पनिक आहे. हे वाक्य मला वकिलाने लिहायला सांगितलं आहे. तुकड्यांचं मला लोरेन्सोने सांगितलं, त्याचं खरं नाव वेगळं होतं, आता तोही नाही. मी आधी पाच लिहिलं होतं, पाच कानाला बरं वाटतं. त्याने सहा करायला लावलं.'"

*

नीलिमाला पहिल्यांदा जे आठवलं ते अठ्ठ्याण्णव सालच्या श्टुटगार्टच्या गणपतीतलं. प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारलं, तुमच्या दिरांचं काही कळलं का, आणि ती म्हणाली होती, "असेल तिकडे एखादी. पुरुषांचं काय सांगावं." चार बायका हसल्या होत्या. लता त्यांच्यामागे दोन माणसं सोडून उभी होती. तिने ऐकलं हे नीलिमाला तेव्हाच कळलं होतं. त्यावर दोघी दहा वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि दर पितृपक्षात एकत्र वडे तळत होत्या.

"तू चार महिने का नाही बोललीस गं?" तिने उर्जाला विचारलं. आवाज चढला होता. तो कोणावर चढला हे तिलाही सांगता आलं नसतं.

"मी बोलले की तो मरणार होता, काकू. पुस्तकात तो पान एकशे बारापर्यंत जिवंत आहे. मी तिथपर्यंत चार वेळा वाचलं."

सुधीर दाराला टेकून उभा होता.

"मी तिथे नऊ दिवस होतो," तो म्हणाला. "कॉफी प्यायलो त्यांच्याकडे. दोन चमचे साखर सांगितली."

"भाऊजी, मला आज त्यांचं पान मांडायचं आहे," लता म्हणाली.

"कशाच्या आधारावर? कादंबरीच्या?"

"आकड्याच्या. तो तुम्हाला पटला की नाही?"

सुधीरने उर्जाच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं.

"पटला असेल तर परवा मंगळवारी माझ्याबरोबर कोर्टात चला. मुदतीचा शेवटचा दिवस आहे. पुस्तक कोणी मानणार नाही, ते मला कळतं. पण सहा घालणारं या जगात एकच घर आहे, हे सांगायला माणूस लागेल. मी सून. माझं कोण धरणार? तुम्ही त्या घरात जन्मलात. तुम्ही सही करा, मी पान मांडते."

"सही केली की तो गेला, लता."

"नाही केली तर पाच वर्षांनी गेला. तुम्ही ठरवा."

"उद्याचं तिकीट श्पारप्राइसचं, सवलतीचं आहे. बदलून मिळत नाही."

"अहो, जाऊ दे ते तिकीट," नीलिमा म्हणाली. मग लताकडे न बघता, कढईत पहिला वडा सोडत, ती म्हणाली, "पाच वर्षांचं मघाशी मी बोलले ते... तेलाकडे लक्ष दे गं, जास्त तापलंय."

लताने गॅस कमी केला. दोघींना एवढं पुरलं असावं.

*

पानं तीन मांडली. वडील, आई, आणि त्यांच्या खालच्या अंगाला थोडं अंतर ठेवून तिसरं. केळीची पानं आशियाई दुकानातली, गोठवलेली, कडांना काळी पडलेली. लताने तिसऱ्या पानावर काय वाढायचं याचा जास्त विचार केला नाही. फतफतं दोनदा वाढलं. या घरातलं आत्मारामला मांगोल्डचंच माहीत होतं.

संकल्प सांगताना सुधीर अडला. वडिलांचं नाव, गोत्र. आईचं नाव, गोत्र. तिसऱ्याला त्याने फक्त "आत्माराम" म्हटलं आणि पाणी सोडलं. धाकट्या भावाचं नाव या यादीत घ्यायची वाक्यरचना त्याला येत होती. ती त्याने वापरली नाही.

बाल्कनीत वडिलांचं पान अर्धा तास ठेवलं, उर्जाने घड्याळ लावलं, आणि वेळ संपल्यावर आत आणलं. खाली काही पडलं नाही ना, ते तिने वाकून बघितलं.

मग घरची माणसं जेवायला बसली. सुधीरने ताटाभोवती पाणी फिरवलं. भाताच्या पाच आहुती ठेवल्या. सहावीचा घास बोटांत तसाच धरून तो थांबला. बारा वर्षं त्याला ती कोणाची हे विचारावं लागलं नव्हतं. आता तो माणूस समोरच्या पानावर होता.

"लता, ही?"

"घाला की."

"कोणाची?"

"ध्रुव नाही का घरी," लता म्हणाली.

ध्रुव सुधीर-नीलिमाचा मुलगा, हेर्त्सोगेनआउराखला इंजिनिअर. त्याने शुक्रवारी फोन करून कामाचं कारण सांगितलं होतं आणि ते कारण तिसऱ्यांदा तेच होतं. नीलिमाने मान खाली घातली आणि वरणात भात कालवू लागली. सुधीरने सहावी ठेवली.

*

खोली क्रमांक ११४ मध्ये फ्राउ ब्रिंकमान नावाच्या अधिकारी बाई होत्या. टेबलावर कॅक्टस होता आणि त्यामागे बसूनच त्यांनी पुस्तक चाळलं.

"हा रोमान आहे?"

"हो," उर्जा म्हणाली.

"रोमान पुराव्यात धरता येत नाही."

"मीसुद्धा तेच लिहिलं आहे. पान एकेचाळीस."

"कशाचं पान एकेचाळीस?"

"ते सोडा," लता म्हणाली. "माझे दीर शपथेवर सांगायला आले आहेत."

फ्राउ ब्रिंकमान यांनी लेखिकेची मेल आणि तिचं भाषांतर फाइलला लावून घेतलं आणि कीबोर्ड जवळ ओढला. सुधीरने पासपोर्ट दिला. खोटं सांगितल्यास शिक्षा होऊ शकते, हे त्याला वाचून दाखवण्यात आलं. तो 'हो' म्हणाला.

"जेवणापूर्वी अन्नाचे तुकडे ताटाबाहेर ठेवायची पद्धत. ही तुमच्याकडे धार्मिक आहे?"

"पाच धार्मिक आहेत."

"आणि मजकुरात सहा आहेत."

"सहावी आमच्या घरची आहे."

"आणखी कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. मी चौकशी केली आहे."

त्या टाइप करत राहिल्या. "पहिले पाच तुकडे कोणासाठी?"

सुधीरने पाचही आहुतींची नावं जर्मनमध्ये सांगायचा विचार केला. "देवांसाठी आणि मृत्यूसाठी."

"सहावा?"

"घरातलं जे माणूस घरी नाही, त्याच्यासाठी."

"म्हणजे तुमच्या म्हणण्यानुसार, नोव्हेंबर १९९६ मध्ये, त्या जागी, त्याने सहावा कोणासाठी ठेवला असेल? हे मला लिहावं लागेल."

सुधीरने बारा वर्षांत हा प्रश्न त्या बाजूने कधी बघितला नव्हता. बारा वर्षं घरी नव्हता तो आत्माराम. त्याने लताकडे बघितलं, मग उर्जाकडे. उर्जा कॅक्टसकडे बघत होती.

"आमच्यासाठी," तो म्हणाला.

"आमच्या म्हणजे?"

"ही त्याची बायको. ही मुलगी. मी."

फ्राउ ब्रिंकमान यांनी तिन्ही नावं लिहिली, आडनावाचं स्पेलिंग विचारलं आणि कागद छापला. सुधीरने तो सवयीप्रमाणे दोनदा वाचला. चूक नव्हती. त्याने सही केली.

"तारखेबद्दल मी आज काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "निकाल पोस्टाने येईल. सहा ते आठ आठवडे."

"फाइलमध्ये मात्र राहील ना हे?" लताने विचारलं.

"फाइलमध्ये राहील."

तिघं खाली आली. नीलिमा लिफ्टजवळच्या बाकावर चौघांचे कोट सांभाळत बसली होती. काचेच्या फळ्यात सूचना अजून होती; घराचा लिलाव मात्र काढून टाकला होता. सुधीर चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचत राहिला.

"आज रात्री बारापर्यंत आहे मुदत," तो म्हणाला.

लताने नीलिमाकडून कोट घेतला.

"मुदतीच्या आत आले ना ते," ती म्हणाली आणि बटणं लावू लागली.